बियाण्याइतकाच घरचा वाटा मोलाचा : शेतकरी कुटुंबाचा समतोल आहार

रब्बी ज्वारीची मळणी आटोपली, रास घरात आली आणि कणगी काठोकाठ भरली, की शेतकऱ्याचे घर वर्षापुरते निश्चिंत होते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिकलेली मालदांडी ज्वारी ज्याच्या घरी आहे, त्याच्या घरी कोणी उपाशी झोपणार नाही, हा लोकांचा विश्वास सार्थ आहे. परंतु पुष्कळदा असे दिसते की, त्याच घरातील दीड वर्षाचे मूल वजनाने वाढत नाही, वारंवार आजारी पडते. गर्भार सून पाण्याची घागर आणताना धापा टाकते. आणि घरची वडीलधारी माणसे अकाली थकतात. या घरात उपासमार नाही. कणगीत धान्य आहे, रोज चूल पेटते, भाकरी पोटभर मिळते. तरीही शरीराचे पोषण मात्र होत नाही. असे का व्हावे, आणि ते टाळण्यासाठी शेतकऱ्याने काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे दिसून आले. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांत तर हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात होते. जे राज्य ज्वारी, तूर, हरभरा, दूध, ऊस आणि फळे पिकविते, त्या राज्याच्या अंगणात हे चित्र असावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

पोट भरणे आणि पोषण होणे

ज्वारी हे निकृष्ट अन्न आहे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. उलट, पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळापेक्षा ज्वारी पुष्कळ बाबतींत सरस आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते; सडलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसते. बाजरीत लोहाचे प्रमाण याहून अधिक, म्हणजे सुमारे ६ मिलिग्रॅम आहे. नाचणीत तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे हाडांना लागणारा चुना, असतो. भरड धान्यांची ही थोरवी ओळखूनच २०२३ हे वर्ष जगभर भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळण्यात आले. दोष ज्वारीत नाही. ज्वारी ताटात एकटी असण्यात आहे.

एका साध्या हिशेबाने ही गोष्ट स्पष्ट होईल. हाताने थापलेल्या मोठ्या भाकरीस शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ लागते. एखादा मनुष्य दिवसाकाठी अशा पाच भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर खातो, असे समजावे. त्यास सुमारे साडेसोळाशे कॅलरी इतकी उष्णता मिळते व ५० ग्रॅम प्रथिने मिळतात. वजनाने पाहिले तर प्रथिनांची तूट फारशी दिसत नाही. परंतु प्रथिने ही निरनिराळ्या घटकांची बनलेली असतात, आणि त्यांतील लायसीन नावाचा आवश्यक घटक ज्वारीच्या प्रथिनात पाहिजे त्याच्या निम्म्याच्या आसपासच असतो. एका बैलाच्या चालीनेच जोडी चालावी, त्याप्रमाणे हा एक घटक अपुरा पडला की बाकीच्या घटकांचाही शरीरास पुरा उपयोग करून घेता येत नाही.

पुढे पाहिले तर तूट अधिकच स्पष्ट होते. प्रौढ माणसास रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पाच भाकरींतून जेमतेम दीडशे मिलिग्रॅमपर्यंत मिळते. डोळ्यांचे रक्षण करणारे ‘अ’ जीवनसत्त्व आणि हिरड्या बळकट ठेवणारे ‘क’ जीवनसत्त्व भाकरीत जवळजवळ नाही. ‘ब-१२’ जीवनसत्त्व तर मुळीच नाही, कारण ते दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळते. भाकरीत लोह आहे, परंतु धान्याच्या कोंड्यातील फायटेट नावाचा पदार्थ त्या लोहास धरून ठेवतो आणि ते अंगी लागू देत नाही. पाच भाकरी खाऊन मनुष्य तृप्त होतो. त्याचे शरीर मात्र अर्धपोटी राहते.

भाकरीचे सोबती

निसर्गाने याची सोय केलेली आहे. ज्या लायसीनची ज्वारीत उणीव आहे, ते तूर, हरभरा, मूग, मटकी, हुलगा, चवळी या कडधान्यांत भरपूर आहे. आणि कडधान्यांत जो घटक कमी आहे, तो ज्वारी-बाजरीत पुरेसा आहे. भाकरीबरोबर आमटी, पिठले किंवा उसळ खाल्ली की दोहोंची उणीव भरून निघते. भाकरी-पिठले आणि खिचडी हे पदार्थ आपल्या पूर्वजांनी केवळ चवीकरिता जुळविलेले नाहीत. जुन्या पद्धतीच्या ताटात डाव्या हातास लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर वाढीत असत. लिंबू, पेरू, आवळा, कच्चा कोबी, टोमॅटो यांतील ‘क’ जीवनसत्त्व हे धान्यातील व पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास मदत करते. ताटाची डावी बाजू ही शोभेची नव्हे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था या विषयात दीर्घकाळ काम करीत आहे. १९१८ मध्ये कुन्नूर येथे लहान प्रमाणावर सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या या संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसाकाठी २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचे रोजचे ताट पुढीलप्रमाणे सांगितले आहे. सर्व वजने कच्च्या, न शिजविलेल्या पदार्थांची आहेत.

धान्ये (ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, नाचणी) — २५० ग्रॅम
डाळी व कडधान्ये (किंवा त्यांच्या काही भागाऐवजी अंडी, मासे, मांस) — ८५ ग्रॅम
भाज्या — ४०० ग्रॅम. पैकी पालेभाजी १०० ग्रॅम
फळे — १०० ग्रॅम
दूध किंवा दही — ३०० मिलिलिटर
शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे इत्यादी — ३५ ग्रॅम
तेल-तूप — २७ ग्रॅम

नांगरट, खुरपणी, ऊसतोड अशी कष्टाची कामे करणाऱ्यास यापेक्षा अधिक अन्न लागते, हे उघड आहे. परंतु वाढ करावयाची ती सर्वच पदार्थांत करावी. केवळ भाकरींची संख्या वाढवून ती भरून काढू नये. या तक्त्यात ध्यानी धरावयाची मुख्य गोष्ट ही की, तीन भाग धान्य असेल तर एक भाग डाळ असावी. वाटीभर पातळ आमटीत डाळीचे दाणे शोधावे लागत असतील, तर हे प्रमाण साधलेले नाही.

घरच्या वाट्याचा हिशेब

तक्ता वाचणे सोपे आहे. तो ताटात उतरविणे कठीण. आणि ही अडचण स्वयंपाकघरात उत्पन्न होत नाही, ती खळ्यावर उत्पन्न होते. तूर खळ्यावरून थेट बाजारात जाते. दूध पहाटे संकलन केंद्रावर जाते. शेंगा, अंडी, पेरू, शेवग्याच्या शेंगा आठवड्याच्या बाजारास जातात. घरी राहते ती ज्वारी. पुढे चैत्र-वैशाखात तीच तूर डाळ होऊन दुकानातून विकत आणावयाची वेळ येते. तेव्हा हातात पैसा नसतो, आणि मग आमटी पातळ होत जाते. ज्या घरची स्वयंपाकीण काटकसर करते ती डाळीतच करते, कारण भाकरीत करता येत नाही.

शेतकरी बियाण्याच्या बाबतीत अशी चूक करीत नाही. कितीही अडचण आली तरी पेरणीचे बी तो विकून खात नाही. रास घरात आल्याबरोबर निवडक दाणा बाजूस काढून, वाळवून, बांधून ठेवतो. बी हे पुढील वर्षाचे शेत आहे, हे तो जाणतो. घरातील लहान मूल व गर्भवती स्त्री याही पुढील पिढीच्या पेरणीच आहेत. तेव्हा बियाण्याचा वाटा काढतो त्याच दिवशी, त्याच खळ्यावर, विक्रीच्या अगोदर, घरच्या ताटाचा वाटा काढून ठेवण्याची रीत शेतकऱ्याने घातली पाहिजे.

हा वाटा किती असावा, याचा हिशेब करता येतो. नवरा, बायको, म्हातारी आई आणि दोन लहान मुले असे पाच माणसांचे कुटुंब घेतले, तर मुलांचे खाणे कमी धरून हे कुटुंब चार प्रौढ माणसांच्या बरोबरीचे समजता येईल. वरील प्रमाणाने या कुटुंबास वर्षाकाठी डाळी व कडधान्ये सुमारे १२५ किलो लागतात. शंभर किलो तुरीपासून घरच्या पद्धतीने साधारण ६५ ते ७० किलो डाळ मिळते. म्हणून ८५ किलो तूर ठेवली तर ५५ ते ६० किलो डाळ होईल. तिच्या जोडीस ३५ किलो हरभरा आणि ३० किलो मूग, मटकी व हुलगा ठेवावा, म्हणजे वर्षाची बेगमी होते. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे मिळून ५० किलो लागतील. तेल सुमारे ४० किलो लागेल. करडई किंवा भुईमूग घरचा असेल तर तो घाण्यावर गाळून घेता येतो. ज्वारी व इतर धान्य तक्त्याप्रमाणे ३६५ किलो होते. परंतु कष्टाची कामे लक्षात घेता पाच ते साडेपाच क्विंटल ठेवणे योग्य.

या वाट्याकरिता जमीन किती गुंतते? कोरडवाहू तुरीचे उत्पन्न हेक्टरी सातआठ क्विंटल धरले, तरी ८५ किलो तुरीस दहाबारा गुंठ्यांपेक्षा अधिक जमीन लागत नाही. दोन-तीन एकरांच्या धन्यासही हे झेपण्यासारखे आहे.

दुधाचाही असाच हिशेब करावा. या कुटुंबास रोज सव्वा लिटर दूध पुरते. गोठ्यात सहा लिटर दूध निघत असेल तर सव्वा लिटर आधी घरात, आणि उरलेले केंद्रावर, असा क्रम असावा. पैशाची निकड असल्यास तूप विकावे, परंतु ताक घरी ठेवावे. लोणी काढून घेतलेल्या ताकातही प्रथिने आणि कॅल्शियम शिल्लक असते.

साठवणीच्या बाबतीत एक धोक्याची सूचना येथे देणे अवश्य आहे. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे विषारी असते. ते खाण्याच्या धान्याजवळ कदापि ठेवू नये, उरले तरी दळू नये, जनावरांनाही घालू नये. घरच्या वाट्याचे धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या पिंपात किंवा डब्यात भरावे आणि डब्यावर ठळक खूण करावी. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यास व धान्यास बुरशी धरते. बुरशी धरलेला दाणा निवडून टाकून द्यावा. तो धुऊन वा भाजून निर्दोष होत नाही.

पिकांची आखणी

घरचा वाटा काढावयाचा तर तो प्रथम पेरावयास पाहिजे. पूर्वी खरिपाच्या बाजरीत तूर, मटकी, हुलगा, अंबाडी आणि तीळ, तर रब्बीच्या ज्वारीत करडई व हरभरा अशी मिश्रपिके सर्रास घेतली जात. एकाच शेतात धान्य, डाळ, तेल आणि पालेभाजी एकत्र पिके. अंबाडीचा व करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे ही त्या शेताची फुकट मिळणारी पालेभाजी होती. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर भीमेच्या काठी ऊस वाढला. अन्यत्र डाळिंब, द्राक्षे, सोयाबीन यांनी जमीन व्यापली. नगदी पिकांनी घरात पैसा आला, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ज्या शिवारातून तूर-मटकी गेली, त्या शिवारातील ताटातूनही ती हळूहळू निघून गेली.

जेथे नगदी पीक आहे तेथेही उपाय आहे. उसाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सऱ्यांमध्ये हरभरा, भुईमूग, मेथी किंवा कोथिंबीर घेता येते. बांधावर तुरीचे आणि शेवग्याचे रोप लावता येते. बाजरीत दोन ओळींनंतर एक ओळ तुरीची पेरली तर बाजरीचे फारसे न घटता डाळीची सोय होते. ज्यांना हे काहीच शक्य नाही, त्यांनी उसाचे किंवा फळांचे बिल हाती आल्याबरोबर वर्षाची डाळ एकदम भरून ठेवावी. बियाण्याच्या वाट्याचे तत्त्व पैशासही तसेच लागू पडते.

धान्याच्या निवडीतही आता नवी सोय झालेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने तयार झालेला बाजरीचा ‘धनशक्ती’ हा वाण आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये दिलेला ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ हा वाण, या दोहोंत लोह व जस्त यांचे प्रमाण नेहमीच्या वाणांपेक्षा अधिक आहे. घरच्या वाट्यापुरते का होईना, हे वाण पेरून पाहण्यासारखे आहेत. मात्र वाण बदलला म्हणून डाळ आणि भाजी यांची गरज संपते, असे समजू नये.

परसबाग

चार प्रौढांच्या बरोबरीच्या कुटुंबास रोज ४०० ग्रॅम पालेभाजी लागते. ती विकत घ्यावयाची म्हटल्यास आठवड्याच्या बाजाराशिवाय मिळत नाही, आणि दोन दिवसांत सुकते. घरामागील अर्धा ते एक गुंठा जागा व न्हाणीचे पाणी यांवर हा प्रश्न सुटू शकतो. वाफ्यांचे चार भाग करून दर आठ-दहा दिवसांनी एकेका भागात मेथी, पालक, तांदुळजा, चुका यांचे बी टाकावे. म्हणजे महिन्याभराने पहिला वाफा खुडावयास येतो आणि पुढे खंड पडत नाही. एकदम सर्व वाफे पेरले तर एका आठवड्यात भाजी फुकट जाते व पुढील तीन आठवडे ताट कोरडे राहते. न्हाणीच्या निचऱ्याजवळ अळू, कुंपणावर दोडका व दुधी, आणि कोपऱ्यात एक शेवगा, एक पपई, एक लिंबू व एक पेरू इतकी झाडे पुरेशी आहेत.

शेवग्याचा पाला बहुतेक घरी शेळ्यांना घालण्यात येतो. वस्तुतः शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असून ‘अ’ जीवनसत्त्व बनविणारा अंशही विपुल आहे. हा पाला पिठल्यात किंवा भाकरीच्या पिठात घालावा. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, म्हणजे एका मोठ्या माणसाची दोन दिवसांची गरज भागते. महागडे सफरचंद न आणल्याने मुलाचे काही अडत नाही. पावसाळ्यात आपोआप उगवणारी घोळ, पाथरी, तरोटा, कुरडू या रानभाज्यांना गरिबाची भाजी म्हणून हिणवू नये; मात्र तणनाशक फवारलेल्या रानातील भाजी आणू नये.

ज्यांना वर्ज्य नाही त्यांनी आठ-दहा कोंबड्या अवश्य पाळाव्यात. एका अंड्यातून सहा-सात ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने व ‘ब-१२’ जीवनसत्त्व मिळते. अंडी विकून मुलासाठी बिस्किटांचा पुडा आणणे, हा तोट्याचा व्यवहार आहे. त्या पुड्यात मैदा, साखर व तेल यांवाचून विशेष काही नसते.

चुलीजवळची दक्षता

पिकविलेले व राखलेले पोषण शिजविताना वाया जाऊ नये. भाजी आधी धुवावी व मग चिरावी. चिरून पाण्यात भिजत ठेवल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. झाकण ठेवून, बेताच्या पाण्यात, लागेल तेवढीच शिजवावी. लोखंडी कढई व तवा वापरावा, त्यातील थोडे लोह अन्नात उतरते. मटकी, मूग, हुलगा यांना मोड आणावेत. मोड आल्याने फायटेटचे प्रमाण घटते, ‘क’ जीवनसत्त्व उत्पन्न होते, आणि उसळ पचावयासही हलकी होते. ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील याच कारणाने हितकर आहे.

चहा जेवणास लागून घेऊ नये. चहातील तुरट द्रव्य लोहास बांधून टाकते. जेवण व चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. मीठ आयोडीनयुक्तच घ्यावे, आणि दिवसाकाठी सर्व पदार्थांत मिळून माणशी ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, यापेक्षा अधिक खाऊ नये. लोणची, पापड व पाकिटातील खारे पदार्थ हे या मिठातच मोजावयाचे असतात. अलीकडे खेड्यांतही रक्तदाब व मधुमेह यांचे रोगी वाढत आहेत. शेतीची कष्टाची कामे यंत्रांनी हलकी केली, परंतु साखरेचा चहा, तळलेले पदार्थ व भाताची रास तशीच राहिली, तर समतोल दुसऱ्या बाजूने बिघडतो.

पंगतीचा क्रम

घरात पुरेसे अन्न असूनही ते सर्वांस सारखे मिळते असे नाही. रानात कष्ट करून आलेले पुरुष प्रथम जेवतात, नंतर मुले, त्यानंतर वडीलधाऱ्या बायका, आणि सर्वांच्या शेवटी सून. तोपर्यंत भाजीचे पातेले निपटलेले असते, आमटीचे पाणी उरलेले असते, आणि सून भाकरीबरोबर ठेचा खाऊन उठते. वस्तुतः लोहाची गरज पुरुषापेक्षा तिलाच अधिक आहे : प्रौढ पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह लागते. गर्भारपणात व अंगावर दूध पाजताना तिची एकूण अन्नाची गरजही वाढते. पोटुशी बाईने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपे जाते, ही समजूत घातक आहे. अशक्त मातेच्या पोटी कमी वजनाचे मूल येते, आणि ती उणीव पुढे भरून काढणे फार अवघड असते. सरकारी आरोग्य केंद्रातून गर्भवतीस लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या चहाबरोबर न घेता नियमाने घ्याव्यात. अंगी रक्त फारच कमी असल्यास केवळ आहाराने ते भरून येत नाही, तेथे वैद्यकीय उपचार करून घेतलेच पाहिजेत.

यावर उपाय करण्यास पैसा लागत नाही. शिजलेले अन्न पंगत बसण्यापूर्वीच सर्वांच्या वाट्याचे काढून झाकून ठेवावे, किंवा घरातील सर्वांनी एकत्र जेवावे. सासूबाईंनी मनात आणले तर ही रीत एका दिवसात पडते.

दुसरा विसरलेला जेवणारा म्हणजे सहा महिने ते दोन वर्षांचे मूल. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही नको. सहा महिने पूर्ण झाल्यावर मात्र आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू झालेच पाहिजे. वरील पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी देशभरात सुमारे ११ टक्के मुलांनाच पुरेसा आहार मिळतो असे आढळले. पुष्कळ घरी या वयात वरणाचे पाणी किंवा भाताची पेज पाजतात. पाण्याने मुलाचे चिमुकले पोट भरते, वाढ होत नाही. त्याऐवजी वरणातील डाळच कुस्करून, तीत मऊ भात किंवा भाकरीचा मधला भाग मोडून, चमचाभर तेल-तूप घालून, चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट अन्न द्यावे. हळूहळू शिजविलेला भोपळा, गाजर, पालेभाजी, अंडे, केळे हे पदार्थ द्यावेत. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा आणि पुढे तीन-चार वेळा भरवावे. मूल आजारी असता अन्न तोडू नये. थोडे थोडे, अधिक वेळा द्यावे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये.

मुलाचे वजन व उंची अंगणवाडीत दरमहा मोजून घ्यावी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून अंगणवाड्या गावोगाव पोहोचलेल्या आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण असून मुलास ताबडतोब आरोग्य केंद्रात न्यावे.

एका दिवसाचे जेवण

वर सांगितलेले सर्व पदार्थ सामान्य शेतकऱ्याच्या घरात एका दिवसात कसे बसू शकतात, ते पुढील उदाहरणावरून दिसेल. सकाळी ताकातील आंबील किंवा दूध-भाकरी. दुपारी दोन भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, तांदुळज्याची किंवा मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा व लिंबाची फोड. दिवस कलताना फुटाणे किंवा शेंगदाणे, आणि हंगामाप्रमाणे पेरू, बोरे, पपई यांपैकी एक फळ. रात्री भाकरी किंवा थोडा भात, तुरीची घट्ट आमटी, वांगे किंवा दोडक्याची भाजी आणि ताक. एखादे दिवशी उसळीच्या जागी हुलग्याचे माडगे, शेंगोळे, पिठले किंवा अंडी करावीत. यांत शहरातून आणावी लागणारी एकही वस्तू नाही. बहुतेक सर्व पदार्थ शेतकरी पिकवितोच. ते घरात राहत नाहीत, एवढीच काय ती अडचण आहे.

म्हणून येत्या हंगामात पेरणीपूर्वी पतिपत्नींनी एकत्र बसून घरातील माणसे मोजावीत आणि वर्षाची डाळ, तेलबिया, धान्य व दूध यांचा हिशेब कागदावर मांडावा. त्या हिशेबाने तुरीच्या ओळी व परसबागेचे वाफे ठरवावेत. रास तयार झाली की पहिले पोते बियाण्याचे, दुसरे पोते घरच्या ताटाचे, आणि त्यानंतरचे बाजाराचे, हा क्रम मोडू नये. बियाणे विकून खाणारा शेतकरी पुढील वर्षी रान पडीक पाहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. घरचा वाटा विकणाऱ्याचे नुकसान तितक्या लवकर डोळ्यांत भरत नाही, परंतु ते होतेच. ते मुलांच्या वाढीत होते, आणि तो हंगाम पुन्हा येत नाही.